वृद्धनिवासाची पारख : कुटुंबाची जबाबदारी आणि शासनाचे कर्तव्य

भारताची ओळख तरुणांचा देश अशी असली, तरी त्याच्या लोकसंख्येच्या रचनेत होत असलेला दुसरा बदलही तितकाच महत्त्वाचा आहे. २०११ च्या जनगणनेनुसार देशात ६० वर्षे व त्यावरील वयाच्या व्यक्तींची संख्या १०.३८ कोटी, म्हणजे एकूण लोकसंख्येच्या ८.६ टक्के होती. १९६१ मध्ये हेच प्रमाण ५.६ टक्के होते. लोकसंख्याविषयक प्रक्षेपणांसाठी राष्ट्रीय लोकसंख्या आयोगाने नेमलेल्या तांत्रिक गटाच्या अंदाजानुसार २०३१ मध्ये ज्येष्ठांची संख्या १९.४ कोटींवर व त्यांचे प्रमाण १३.१ टक्क्यांवर जाईल. राज्याराज्यांतील तफावतही लक्षणीय आहे. २०११ मध्ये केरळात हे प्रमाण १२.६ टक्के, गोव्यात ११.२ टक्के व तामिळनाडूत १०.४ टक्के होते. वृद्धांच्या निगेचा प्रश्न या राज्यांना इतरांच्या आधी भेडसावू लागला, याचे कारण या आकड्यांत आहे.

वाढलेले आयुर्मान हे सार्वजनिक आरोग्याचे यश आहे. मात्र त्याच काळात कुटुंबाचा आकार घटला, मुले शिक्षण व नोकरीसाठी परगावी किंवा परदेशी गेली, आणि वृद्धांची सेवा ज्यांच्या बिनमोल श्रमांवर चालत असे त्या घरातील स्त्रिया अर्थार्जनासाठी बाहेर पडू लागल्या. परिणामी, एके काळी केवळ निराधारांचे आश्रयस्थान समजला जाणारा वृद्धाश्रम आता मध्यमवर्गीय कुटुंबांच्याही विचारात येऊ लागला आहे. आई-वडिलांना तेथे ठेवावे की नाही, यावर समाजात पुष्कळ चर्चा होते. परंतु ठेवायचेच झाल्यास ती जागा योग्य आहे हे कसे ठरवावे, या प्रश्नाची चर्चा फारशी होत नाही. देशात या संस्थांच्या सेवेच्या दर्जासाठी सर्वत्र बंधनकारक असे एकसमान मानक नसल्याने ही पारख आज कुटुंबालाच करावी लागते. म्हणूनच तिचे निकष, तिच्यामागील कायदा व धोरण आणि त्यांतील उणिवा एकत्रितपणे समजून घेणे आवश्यक ठरते.

वृद्धनिवासांचे प्रकार

‘वृद्धाश्रम’ या एकाच शब्दाखाली आज भिन्न स्वरूपाच्या संस्था येतात. पहिला प्रकार निर्धन व निराधार वृद्धांसाठीच्या निःशुल्क आश्रमांचा आहे. ते धर्मादाय संस्था, धार्मिक संघ अथवा शासन चालविते. ‘लिटल सिस्टर्स ऑफ द पूअर’ या ख्रिस्ती संघाचे कोलकात्यातील कार्य १८८२ पासूनचे आहे. गोव्यात पोर्तुगीज राजवटीपासून चालत आलेली प्रोव्हेदोरिया ही सार्वजनिक साहाय्य संस्था वृद्धाश्रम चालविते. वृंदावन येथे केंद्रीय महिला व बालविकास मंत्रालयाने विधवांसाठी बांधलेले, एक हजार महिलांची सोय असलेले ‘कृष्ण कुटीर’ २०१८ मध्ये सुरू झाले. दुसरा प्रकार दरमहा शुल्क घेणाऱ्या वृद्धाश्रमांचा आहे. तिसरा प्रकार निवृत्तांच्या वसाहतींचा होय. कोईमतूर, पुणे, बंगळुरू अशा शहरांच्या परिसरात त्या उभ्या राहिल्या आहेत. तेथे हिंडत्याफिरत्या ज्येष्ठांना स्वतःची सदनिका, सामाईक भोजनगृह, सुरक्षा व करमणुकीच्या सोयी मिळतात.

चौथा प्रकार ‘असिस्टेड लिव्हिंग’ म्हणजेच सहाय्यित निवासाचा. रुग्णालयाची गरज नाही, पण स्नान, औषधे, चालणे-फिरणे यांसाठी रोज कोणाच्या तरी हाताची गरज आहे, अशा व्यक्तींसाठी तो असतो. अमेरिकेतील ओरेगॉन राज्यात १९८० च्या दशकात ही संकल्पना आकाराला आली, तेव्हा रुग्णालयी वळणाच्या परिचर्यागृहाला पर्याय देणे हा तिचा उद्देश होता. स्वतंत्र खोली, आपल्या ताब्यातील दार आणि दिनक्रम ठरविण्याची मुभा ही तिची मूळ वैशिष्ट्ये आहेत. पाचव्या प्रकारात अंथरुणाला खिळलेल्या अथवा स्मृतिभ्रंश झालेल्या व्यक्तींसाठीची अखंड निगा केंद्रे येतात.

कुटुंबाची पहिली चूक बहुधा या वर्गीकरणातच होते. बाग, मंदिर व ग्रंथालय पाहून तिसऱ्या प्रकारच्या वसाहतीत घर घेतले जाते. प्रत्यक्षात गरज चौथ्या प्रकाराची असते, किंवा दोन-तीन वर्षांतच ती तशी होते.

आधी गरजेचे मोजमाप

निवासाचे मूल्यमापन करण्यापूर्वी त्या व्यक्तीच्या गरजेचे मूल्यमापन व्हावयास हवे. वृद्धवैद्यकशास्त्रात त्यासाठी दोन मापनपद्धती सर्वपरिचित आहेत. सिडनी कॅट्झ व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये मांडलेल्या मापनात दैनंदिन जीवनाच्या सहा मूलभूत क्रिया येतात : स्नान, कपडे घालणे, शौचविधी, अंथरुणातून अथवा खुर्चीतून उठणे-बसणे, मलमूत्रावर नियंत्रण आणि जेवणे. लॉटन व ब्रॉडी यांनी १९६९ मध्ये मांडलेल्या मापनात आठ अधिक गुंतागुंतीच्या क्रिया आहेत : दूरध्वनी वापरणे, खरेदी, स्वयंपाक, घरकाम, कपडे धुणे, प्रवास, स्वतःची औषधे घेणे आणि पैशांचे व्यवहार. परावलंबित्व बहुधा दुसऱ्या यादीपासून सुरू होते आणि पुढे पहिल्या यादीत शिरते.

उदाहरणादाखल, ७८ वर्षांच्या एका निवृत्त शिक्षिकेचा विचार करता येईल. त्या स्वतः स्नान करतात, स्वतःच्या हाताने जेवतात, रोज वर्तमानपत्र वाचतात. पाहुण्यांना त्या पूर्णपणे स्वावलंबी वाटतात. परंतु मधुमेहाची गोळी कधी विसरली जाते, तर कधी दोनदा घेतली जाते. विजेचे देयक भरले की नाही हे आठवत नाही. गॅसवर दूध उतू जाते. पहिल्या मापनात त्यांना पूर्ण गुण मिळतील, तर दुसऱ्या मापनात त्यांचे परावलंबित्व उघड होईल. त्यांना परिचारिकेची नव्हे, तर औषधांवर देखरेख व जेवणाची सोय यांची गरज आहे. मात्र हा विसर वाढत गेला तर तीन वर्षांनी चित्र बदललेले असेल. म्हणून कोणत्याही निवासाला विचारावयाचा सर्वांत महत्त्वाचा प्रश्न आजच्या सोयींविषयी नसतो. प्रकृती खालावल्यास ही व्यक्ती येथेच राहू शकेल, की तिला जागा सोडावी लागेल, हा तो प्रश्न होय. उतारवयात पुन्हा घर बदलणे हा वृद्धांच्या मनावर व शरीरावर मोठा आघात असतो.

या टप्प्यावर वैद्यकीय तपासणीबरोबरच त्या व्यक्तीचे स्वतःचे मत विचारात घेणे अनिवार्य आहे. दृष्टी, श्रवण, चाल, मूत्रनियंत्रण, नैराश्य व स्मृती यांची तपासणी झाल्यास काही वेळा असे आढळते की, मोतीबिंदूची शस्त्रक्रिया, श्रवणयंत्र किंवा औषधांतील फेरबदल यांमुळे घर सोडण्याची गरजच उरत नाही. निर्णय कुटुंबाचा असला तरी राहावयाचे ज्येष्ठाला असते. तिची अथवा त्यांची संमती न घेता, ‘थोडे दिवस’ असे सांगून घडवून आणलेले स्थलांतर क्वचितच यशस्वी होते.

पाहणीचे निकष

मनुष्यबळ : निवासाचा दर्जा इमारतीपेक्षा तेथील माणसांवर अवलंबून असतो. दिवसपाळीत व रात्रपाळीत किती मदतनीस असतात, त्यांच्याकडे प्रत्येकी किती रहिवासी सोपविलेले असतात, त्यांना कोणते प्रशिक्षण मिळाले आहे आणि ते सरासरी किती काळ नोकरीत टिकतात, ही माहिती विचारून घ्यावयास हवी. मदतनीस वारंवार बदलत असतील, तर रहिवाशाच्या सवयी, दुखणी व भीती जाणणारे कोणी उरत नाही. पडण्याचे अनेक प्रसंग रात्री स्वच्छतागृहाकडे जाताना घडतात. त्यामुळे मध्यरात्री खोलीतील घंटा वाजविल्यावर कोण येते व किती मिनिटांत येते, हा साधा प्रश्न संपूर्ण व्यवस्थेची परीक्षा घेतो.

वैद्यकीय सेवा : ‘डॉक्टर उपलब्ध’ या शब्दांचा अर्थ डॉक्टर आवारात असतात, आठवड्यातून एकदा येतात, की बोलावल्यावर येतात, हे स्पष्ट झाले पाहिजे. औषधे देण्याची नोंदवही दररोज भरली जाते काय, जवळचे रुग्णालय किती अंतरावर आहे, रुग्णवाहिका कोणाची, रुग्णालयात सोबत कोण राहते व खर्चाची हमी कोण देते, हे मुद्दे आणीबाणीच्या आधीच ठरावयास हवेत. अंथरुणाला खिळलेल्या रहिवाशांची कूस साधारणतः दर दोन तासांनी बदलली जाते की नाही, हे शय्याव्रणांच्या प्रमाणावरून कळते. २०२० च्या कोविड महासाथीत अनेक देशांतील दीर्घकालीन निगा केंद्रांत मोठ्या प्रमाणावर मृत्यू झाले. त्यामुळे आजारी रहिवाशाला वेगळे ठेवण्याची सोय व लसीकरणाच्या नोंदी यांनाही महत्त्व आले आहे.

आहार : रात्रीचे जेवण व सकाळची न्याहारी यांत फार मोठे अंतर असणे मधुमेही व्यक्तीला धोक्याचे ठरू शकते. दात नसलेल्यांसाठी मऊ अन्न, उपवासाचे दिवस, प्रांतागणिक वेगळी चव आणि पुरेसे पाणी पिण्याकडे लक्ष या बाबी लहान वाटल्या, तरी रहिवाशाचे वजन त्यांवरच टिकते किंवा घटते.

वास्तू : सुगम्यतेच्या मानकांनुसार उताराचे प्रमाण १:१२ पेक्षा तीव्र नसावे, म्हणजे एक फूट उंची चढण्यासाठी किमान बारा फूट लांबीचा उतार हवा. चाकांची खुर्ची आत जाईल असे सुमारे ९०० मिलिमीटर रुंदीचे दार, न घसरणारी फरशी, स्वच्छतागृहात भिंतीला पक्क्या बसविलेल्या दांड्या, योग्य उंचीचा कमोड, रात्रीचा मंद दिवा, स्ट्रेचर मावेल असा उद्वाहक आणि आगीच्या वेळी बाहेर पडण्याचा दुसरा मार्ग या गोष्टी प्रत्यक्ष पाहूनच खात्री करून घ्याव्या लागतात.

स्वातंत्र्य व प्रतिष्ठा : कर्मचारी खोलीत शिरण्यापूर्वी दार ठोठावतात काय? रहिवाशांना आदराने हाक मारली जाते काय? केव्हा उठावे, कोणाला दूरध्वनी करावा, देव्हारा किंवा रेडिओ खोलीत ठेवावा की नाही, हे कोण ठरविते? भेटीच्या वेळा कडक असतील तर त्या कोणाच्या सोयीसाठी आहेत? या संदर्भात भाषेचा मुद्दा विशेष लक्षात घ्यावा लागतो. मुलांजवळ राहता यावे म्हणून विदर्भातील एखाद्या आजींना बंगळुरू किंवा चेन्नईच्या निवासात ठेवले, आणि तेथे मराठी बोलणारे कोणीच नसले, तर उत्तम सोयी असूनही त्यांच्या वाट्याला एकाकीपणाच येतो.

छळापासून संरक्षण : पलंगाला बांधून ठेवणे, गरज नसताना गुंगीची औषधे देणे, ओरडणे, अस्वच्छ ठेवणे हे सारे छळाचे प्रकार आहेत. अशा तक्रारी कोणाकडे करावयाच्या, रहिवाशांची समिती आहे काय, तिच्या बैठकांचे इतिवृत्त ठेवले जाते काय, हे तपासणे आवश्यक आहे.

या निकषांची पडताळणी एका भेटीत होत नाही. एक भेट वेळ ठरवून व दुसरी न कळविता, शक्यतो संध्याकाळी किंवा रविवारी दिल्यास व्यवस्थेचे खरे रूप दिसते. तेथील जेवण घ्यावे, व्यवस्थापनाच्या अनुपस्थितीत रहिवाशांशी बोलावे आणि कायमचा निर्णय घेण्यापूर्वी काही आठवड्यांचा प्रायोगिक निवास घडवून आणावा, असा क्रम उपयुक्त ठरतो. प्रवेशानंतरही मूल्यमापन थांबत नाही. वजन, त्वचा, स्वच्छता, मनःस्थिती व औषधांची नोंद यांकडे कुटुंबाचे नियमित लक्ष असल्यास संस्थेचे लक्षही टिकून राहते.

स्मृतिभ्रंशाचे विशेष प्रश्न

मुंबईच्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेने राबविलेल्या ‘लासी’ या देशव्यापी वार्धक्यविषयक पाहणीशी संलग्न अभ्यासावरून २०२३ मध्ये असा अंदाज प्रसिद्ध झाला की, भारतातील ६० वर्षांवरील व्यक्तींत स्मृतिभ्रंशाचे प्रमाण ७.४ टक्के, म्हणजे सुमारे ८८ लाख व्यक्ती इतके आहे. स्त्रियांत ते पुरुषांपेक्षा, तर ग्रामीण भागात शहरांपेक्षा अधिक आढळले. अशा रुग्णांत संध्याकाळच्या वेळी बेचैनी वाढणे, घर शोधत बाहेर पडणे, जेवल्याचे विसरणे ही लक्षणे दिसतात. त्यांच्यासाठी सुरक्षित मोकळी जागा, ओळखीच्या वस्तू, ठरलेला दिनक्रम आणि संयमाने वागणारे प्रशिक्षित मदतनीस हवेत. कुलूपबंद खोली हे त्यावरचे उत्तर नव्हे. अनेक सर्वसाधारण वृद्धाश्रम अशा रुग्णांना प्रवेश देत नाहीत, किंवा निदान झाल्यावर जागा सोडण्यास सांगतात. ही अट प्रवेशाच्या वेळीच विचारून घ्यावी लागते.

करारनामा व आर्थिक बाजू

सशुल्क निवासात प्रवेश घेताना सामान्यतः अनामत रक्कम व मासिक शुल्क आकारले जाते. निवृत्तांच्या वसाहतींत सदनिकेची मालकी अथवा दीर्घ मुदतीचा भाडेपट्टा असतो. कराराची छाननी करताना पुढील मुद्दे निर्णायक ठरतात : मासिक शुल्कात कोणत्या सेवा येतात व कोणत्या वेगळ्या आकारल्या जातात, दरवाढ किती व कोणत्या आधारावर होते, रुग्णालयात असताना शुल्क चालू राहते काय, निवास सोडल्यास अथवा मृत्यू झाल्यास अनामत किती दिवसांत परत मिळते, पती-पत्नींपैकी एकाचे निधन झाल्यास दुसऱ्याचा राहण्याचा हक्क काय, आणि सेवा पुरविणारी संस्था बदलल्यास जबाबदारी कोणाची.

करविषयक तरतूदही ध्यानात घेण्याजोगी आहे. शासनाने अथवा प्राप्तिकर कायद्याखाली नोंदणी झालेल्या धर्मादाय संस्थेने चालविलेल्या वृद्धाश्रमातील ६० वर्षांवरील रहिवाशांच्या निवास-भोजन-देखभाल शुल्काला, ते दरमहा २५,००० रुपयांपर्यंत असल्यास, वस्तू व सेवा करातून सूट देण्याचा निर्णय २०१८ मध्ये झाला. शुल्क घेऊन दिलेल्या सेवेत त्रुटी असल्यास ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ अन्वये जिल्हा आयोगाकडे दाद मागता येते.

खर्चाची मोठी अडचण विम्याच्या रचनेत आहे. आयुष्मान भारत प्रधानमंत्री जन आरोग्य योजनेचा लाभ ऑक्टोबर २०२४ पासून ७० वर्षे व त्यावरील सर्व नागरिकांना उत्पन्नाची अट न ठेवता देण्यात येऊ लागला. पाच लाख रुपयांपर्यंतचे हे संरक्षण रुग्णालयातील उपचारांसाठी आहे. वर्षानुवर्षे लागणाऱ्या मदतनिसाचा पगार किंवा निवासाचे मासिक शुल्क त्यात येत नाही.

घटनात्मक व कायदेशीर चौकट

राज्यघटनेच्या अनुच्छेद ४१ नुसार वार्धक्य, आजार व विकलांगता अशा परिस्थितीत सार्वजनिक साहाय्य मिळण्याच्या हक्कासाठी राज्याने आपल्या आर्थिक क्षमतेच्या मर्यादेत तरतूद करावयाची आहे. हे मार्गदर्शक तत्त्व असल्याने न्यायालयातून थेट अंमलात आणता येत नाही. जानेवारी १९९९ मध्ये जाहीर झालेल्या राष्ट्रीय वृद्धजन धोरणाने निगा, निवारा, आरोग्य व संरक्षण यांचा विचार प्रथमच एकत्रितपणे केला. हिमाचल प्रदेशाने २००१ मध्ये पालक व अवलंबितांच्या निर्वाहाचा कायदा केला आणि पुढे संसदेने ‘आई-वडील व ज्येष्ठ नागरिक यांचा निर्वाह व कल्याण अधिनियम, २००७’ संमत केला.

या अधिनियमाच्या कलम १९ नुसार राज्य शासन प्रत्येक जिल्ह्यात टप्प्याटप्प्याने किमान एक, आणि निदान १५० निर्धन ज्येष्ठांची सोय असलेला वृद्धाश्रम स्थापन करू शकते, तसेच त्याच्या व्यवस्थापनाची व सेवांच्या मानकांची योजना ठरवू शकते. तरतुदीची भाषा राज्यांना मुभा देणारी आहे, सक्ती करणारी नाही, आणि तिचा रोख निर्धनांसाठीच्या आश्रमांवर आहे. खासगी सशुल्क निवास तिच्या कक्षेबाहेरच राहतात. कलम २० रुग्णालयांतील खाटा व स्वतंत्र रांगा यांविषयी आहे. कलम २३ निवासाच्या निर्णयाशी जवळून संबंधित आहे. देखभाल करण्याच्या अटीवर मालमत्ता हस्तांतरित केली असेल व ती अट पाळली गेली नाही, तर न्यायाधिकरण ते हस्तांतरण रद्दबातल ठरवू शकते. कलम २४ नुसार ज्येष्ठाला सोडून देणे हा तीन महिन्यांपर्यंत कारावासास अथवा ५,००० रुपयांपर्यंत दंडास, किंवा दोन्हींस पात्र गुन्हा आहे. वृद्धाश्रमाच्या दारात आई-वडिलांना सोडून निघून जाणाऱ्यांनाही हे कलम लागू होऊ शकते.

डॉ. अश्वनी कुमार विरुद्ध भारत सरकार या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने १३ डिसेंबर २०१८ रोजी ज्येष्ठांचे प्रतिष्ठा, निवारा व आरोग्य यांविषयीचे हक्क अनुच्छेद २१ शी जोडले आणि प्रत्येक जिल्ह्यातील वृद्धाश्रमांची माहिती राज्यांकडून मिळविण्याचे निर्देश केंद्र सरकारला दिले. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये लोकसभेत मांडलेल्या दुरुस्ती विधेयकात ज्येष्ठ नागरिक निगागृहांची व घरपोच सेवा देणाऱ्या संस्थांची नोंदणी, तसेच किमान मानके यांची तरतूद होती. मात्र ते संमत न होता २०२४ मध्ये सतराव्या लोकसभेच्या विसर्जनाबरोबर व्यपगत झाले.

निवृत्तांच्या वसाहतींसाठी केंद्रीय गृहनिर्माण व नगर विकास मंत्रालयाने मार्च २०१९ मध्ये आदर्श मार्गदर्शक तत्त्वे प्रसिद्ध केली. त्यांत विकासक, सेवा पुरवठादार व सदनिकाधारक यांच्यात त्रिपक्षीय करार सुचविला आहे. महाराष्ट्रात स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाने २०२४ मध्ये ज्येष्ठांच्या गृहप्रकल्पांसाठी अशी तत्त्वे लागू केली. केरळने २०२५ मध्ये ज्येष्ठ नागरिकांसाठी राज्य आयोगाचा कायदा केला. या प्रयत्नांचे महत्त्व निर्विवाद आहे. तथापि स्थावर संपदा कायद्याचा भर बांधकाम व ताबा यांवर आहे. ताबा मिळाल्यानंतर रोज पहाटे कोण औषध देते, याचे नियमन त्यातून होत नाही.

शासकीय योजना

सामाजिक न्याय व अधिकारिता मंत्रालयाच्या ‘अटल वयो अभ्युदय योजने’खाली स्वयंसेवी संस्थांना ज्येष्ठ नागरिकगृहे, स्मृतिभ्रंशग्रस्तांसाठीची गृहे व फिरती वैद्यकीय पथके यांसाठी अनुदान मिळते. राष्ट्रीय वयोश्री योजना, २०१७ अंतर्गत काठी, चाकांची खुर्ची, श्रवणयंत्र, चष्मा अशी साधने पात्र ज्येष्ठांना दिली जातात. ‘एल्डरलाइन’ ही निःशुल्क हेल्पलाइन १४५६७ या क्रमांकावर माहिती, मार्गदर्शन व छळाच्या प्रसंगी साहाय्य देते; तिचा देशव्यापी शुभारंभ १ ऑक्टोबर २०२१ रोजी, म्हणजे आंतरराष्ट्रीय ज्येष्ठ नागरिक दिनी झाला. ज्येष्ठांच्या आरोग्यसेवेचा राष्ट्रीय कार्यक्रम २०१० पासून राबविला जात आहे. नीती आयोगाने फेब्रुवारी २०२४ मध्ये ज्येष्ठ निगा सुधारणांविषयी प्रसिद्ध केलेल्या टिपणात आरोग्य, सामाजिक, आर्थिक व डिजिटल अशा चार अंगांनी सक्षमीकरणाचा विचार मांडला आहे.

निवासाला पर्याय देणारे प्रयोगही विचारात घ्यावयास हवेत. केरळमध्ये स्थानिक स्वराज्य संस्था व प्रशिक्षित स्वयंसेवक यांच्या साहाय्याने उभे राहिलेले परिहार सेवेचे जाळे अंथरुणाला खिळलेल्या रुग्णांपर्यंत त्यांच्या घरी पोहोचते. राज्याने २००८ मध्ये त्यासाठी स्वतंत्र धोरण स्वीकारले. दिवसा सांभाळ करणारी केंद्रे व घरपोच सेवा वाढल्यास अनेक ज्येष्ठांना स्वतःच्या घरातच राहता येईल.

इतर देशांचा अनुभव आणि पुढील दिशा

इंग्लंडमध्ये ‘केअर क्वालिटी कमिशन’ निगा केंद्रांची तपासणी करते आणि केंद्र सुरक्षित, परिणामकारक, आस्थेवाईक, गरजांना प्रतिसाद देणारे व सुव्यवस्थापित आहे काय, या पाच प्रश्नांवर चार श्रेणींपैकी एक श्रेणी देते. तिचे अहवाल कोणालाही वाचता येतात. अमेरिकेत परिचर्यागृहांसाठी २००८ पासून पंचतारांकित श्रेणीपद्धती आहे. जपानने एप्रिल २००० पासून दीर्घकालीन निगा विमा लागू केला असून ४० वर्षांपासून पुढील नागरिकांना त्यासाठी हप्ता भरावा लागतो. या देशांची आर्थिक क्षमता व सामाजिक रचना वेगळी असल्याने त्यांचे अनुकरण जसेच्या तसे शक्य नाही. तथापि नोंदणी, पूर्वसूचनेविना तपासणी व अहवालांची प्रसिद्धी या तीन गोष्टींना फार मोठा निधी लागत नाही.

भारताच्या दृष्टीने पुढील उपाय अग्रक्रमाचे ठरतात. पहिला, निर्धनांसाठीच्या व सशुल्क अशा सर्व वृद्धनिवासांची सक्तीची नोंदणी. दुसरा, मनुष्यबळ, रात्रपाळी, औषधनोंद, सुगम्यता व अग्निसुरक्षा यांची किमान मानके. तिसरा, जिल्हास्तरीय तपासणी समिती व तिच्या अहवालांची प्रसिद्धी. चौथा, मदतनिसांचे प्रशिक्षण, प्रमाणपत्र व योग्य वेतन. राष्ट्रीय सामाजिक संरक्षण संस्थेच्या वृद्धनिगा अभ्यासक्रमांचा यासाठी विस्तार करता येईल. पाचवा, दीर्घकालीन निगेसाठी विम्याची तरतूद. मानके ठरविताना एक दक्षताही घ्यावी लागेल. ती इतकी खर्चिक असू नयेत, की थोड्या देणग्यांवर चालणारे प्रामाणिक आश्रम बंद पडावेत. लहान संस्थांना मुदत व अनुदान देऊन मानकांपर्यंत आणणे हाच योग्य मार्ग होय.

समारोप

आज सुशिक्षित व सधन कुटुंब प्रश्न विचारू शकते, करार वाचू शकते, न कळविता भेट देऊ शकते. ज्याचे कोणीच नाही, अशा निराधार वृद्धाच्या वतीने ही पारख करणारे कोणी नसते. त्याच्यासाठी तपासणी अधिकारी हाच कुटुंबाच्या जागी असतो. म्हणून वृद्धनिवासाचे मूल्यमापन हा केवळ खासगी निवडीचा विषय राहू शकत नाही. कुटुंबाने विचारावयाचे प्रश्न कायद्याने विचारले पाहिजेत आणि त्यांची उत्तरे सार्वजनिक झाली पाहिजेत. रात्री वाजलेल्या घंटेला कोणीतरी उत्तर द्यावे, ही अपेक्षा अनुच्छेद ४१ मधील सार्वजनिक साहाय्याच्या वचनापेक्षा वेगळी नाही.